पंक्तिप्रपंच

वसंत ऋतूचें आगमन कोकिळेच्या कूजितावरून ओळखावें, असा कवींचा संकेत आहे. ज्या घरांत तीन-चार लहान मुलें आहेत त्या घरांत मात्र तें याहून कमी काव्यमय चिन्हांवरून ओळखतां येतें. परीक्षा आटोपून दप्तरें कोपऱ्यांत पडतात. पाण्याचा माठ दिवसांतून दोनदां भरावा लागतो. पापडाच्या लाट्या किती केल्या आणि गच्चीवर पापड किती वाळत पडले, ह्यांचा मेळ बसेनासा होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठीं केलेल्या कैरीच्या डाळीचें पातेलें पाहुण्या येण्यापूर्वींच खालावूं लागतें. आत्याकडचीं किंवा मामाकडचीं मुलें आठ दिवस राहावयास येतात. आणि एके दिवशीं घरांत आंब्याची पेटी उघडली जाते. पेटींतील गवत दूर सारून पहिलीं चार पिकलेलीं फळें बाहेर निघालीं, कीं एक उद्गार घरांत वरचेवर ऐकूं येऊं लागतो. "मला दे" हा तो उद्गार नव्हे. तो तर बारमाही आहे. वसंतांतील खास उद्गार म्हणजे "त्याला जास्त!"

हा उद्गार ऐकून मोठीं माणसें सामान्यतः त्रासतात. दुपारचा उष्मा, अंगाची काहिली, आणि त्यांत हें भांडण! "एवढ्याशा फोडीवरून काय भांडतां?" असें म्हणून तीं एखाद्यास दटावतात, एखाद्यास चुचकारतात, आणि पंख्याखालीं आडवीं होतात. परंतु थोडा विचार केला असतां ह्या दोन शब्दांत बरेंच कांहीं सांठविलेलें आहे असें दिसून येईल. "मला दे" ह्यांत केवळ इच्छा आहे. ती मांजराच्या पिलासही असते. "त्याला जास्त" ह्यांत मात्र तुलना आहे, माप आहे, आणि जिच्यापुढें दाद मागावी अशी कोणी तरी वडील व्यक्ति ह्या जगांत आहे, ही श्रद्धाही आहे. मनुष्याच्या मुखांतून बाहेर पडणारें हें पहिलें नीतिशास्त्रीय विधान होय, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तेव्हां त्याचें उत्तर काय द्यावें, हा प्रश्न दुपारच्या झोपेहून खचित महत्त्वाचा आहे. आमचें म्हणणें असें, कीं घरोघरीं त्याचें जें उत्तर दिलें जातें तें न्यायाचें नसतें. आणि त्याचे परिणाम आंब्याच्या हंगामाबरोबर संपत नाहींत.

मुलांच्या न्यायबुद्धीचा ज्यांनीं पद्धतशीर अभ्यास केला त्यांत स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे ह्यांचें नांव अग्रगण्य आहे. मुलांच्या नैतिक निर्णयांविषयींचा त्यांचा ग्रंथ १९३२ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांना लहान लहान गोष्टी सांगून ते विचारीत, कीं ह्यांत योग्य काय झालें आणि अयोग्य काय झालें. त्यांस असें आढळलें, कीं अगदीं लहान मूल वडील माणसानें केलें तेंच न्याय्य असें धरून चालतें. सात-आठ वर्षांच्या सुमारास तें समतेचें कट्टर अभिमानी बनूं लागतें. आणि अकरा-बारा वर्षांच्या सुमारास त्यास परिस्थितीचा विचार सुचतो, म्हणजे जो लहान आहे किंवा दुबळा आहे त्यास थोडें अधिक दिल्यानें न्याय बिघडत नाहीं हें त्यास उमगूं लागतें. पुढें २००८ सालीं अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत मुलांना खाऊ वांटावयास दिला होता. तीन-चार वर्षांचीं बहुतेक मुलें स्वतःपुरतेंच पाहात. सात-आठ वर्षांचीं बहुतेक मुलें मात्र समान वांटणी पसंत करीत, आणि तीही दुसऱ्यास कमी पडत असतांनासुद्धां. म्हणजे ज्या वयांत घरांत आंब्यावरून भांडणें होतात, नेमक्या त्याच वयांत न्यायबुद्धीची घडण चाललेली असते. "त्याला जास्त!" हा आक्रोश म्हणजे केवळ हांवरटपणा नव्हे, एक इंद्रिय उघडत असल्याची ती खूण आहे.

आतां आंबा हें फळ असें आहे, कीं वांटणीचा प्रश्न अवघड करण्यासाठींच जणूं तें निर्माण झालें असावें. पेढे मोजतां येतात, दूध मापतां येतें. आंब्याचें तसें नाहीं. दोन्ही बाजूंच्या दोन भरदार फोडी, कडेच्या दोन चिंचोळ्या, आणि मध्यें कोय. कोयीवर गर किती राहावयाचा हें सर्वस्वीं कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून. शिवाय एखाद्या मुलास फोड नकोच असते. त्यास कोय हवी असते, कारण ती चोखीत अंगणभर हिंडतां येतें, आणि दोन्ही कोपरांपर्यंत ओघळ आले तरी कोणी बोलत नाहीं. तीच कोय त्याच्या बहिणीस दिली तर तिला ती शिक्षा वाटते. मग समान वांटणी म्हणजे वजनानें समान, तुकड्यांनीं समान, कीं समाधानानें समान?

ह्यावर एक जुनी युक्ति आहे. दोघांत वांटावयाचें असेल तर एकानें कापावें आणि दुसऱ्यानें आधीं उचलावें. ह्यूगो स्टाइनहाउस ह्या पोलिश गणितज्ञानें १९४८ सालीं न्याय्य वांटणीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत हा दोघांचा नियम तिघांस आणि त्याहून अधिकांस कसा लावतां येईल ह्याचा विचार होता, आणि कितीही भागीदार असले तरी चालेल अशी रीत त्याच्या स्नेह्यांनीं, बानाख व क्नास्टर ह्या गणितज्ञांनीं, शोधून काढली होती. आम्हांस ह्या नियमाचें कौतुक वाटतें तें अशासाठीं, कीं तो कोणाच्याही चांगुलपणावर विसंबून राहात नाहीं. ज्याच्या हातीं चाकू आहे त्यास स्वतःच्या हितासाठींच न्यायानें वागावें लागतें. मुलांना एकदां ही रीत दाखविली, कीं सात वर्षांचा मुलगा सोनाराच्या काळजीनें फोड कापूं लागतो, हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं अवश्य करून पाहावें.

तथापि सर्वांस सारखें देणें म्हणजेच न्याय, असें मात्र नव्हे. ॲरिस्टॉटलनें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत सांगितलें आहे, कीं भांडणें दोन प्रकारांनीं उद्भवतात: समानांच्या पदरांत असमान वांटा पडला म्हणजे, किंवा असमानांच्या पदरांत समान वांटा पडला म्हणजे. ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या महाभारतांतच सांपडतें. एकचक्रा नगरींत राहात असतां पांडव भिक्षा मागून आणीत व मातेपुढें ठेवीत. कुंती त्या भिक्षेचे दोन भाग करी. एक अर्धा भाग एकट्या भीमाचा. दुसऱ्या अर्ध्या भागांत उरलेले चौघे भाऊ आणि ती स्वतः. ही वांटणी उघडउघड असमान होती. परंतु तिच्याविरुद्ध कोणीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण भीमाची भूक सर्वांस दिसत होती, आणि लाक्षागृहांतून निसटल्यावर ज्या खांद्यांनीं आईस व भावंडांस वाहून आणलें ते खांदेही सर्वांस दिसत होते. पुढें त्याच कुंतीनें, दारांत कोण आलें आहे हें वळूनही न पाहतां, जें आणलें असेल तें सर्वांनीं मिळून उपभोगावें असें सांगितलें. आणि त्या समान वांटणीनें द्रौपदीच्या आयुष्याचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. पहिली वांटणी असमान असून न्याय्य होती, कारण ती डोळे उघडे ठेवून केली होती. दुसरी समान होती, परंतु काय वांटलें जात आहे हेंच तींत पाहिलें गेलें नव्हतें.

अमर्त्य सेन ह्यांनीं २००९ सालच्या आपल्या न्यायविषयक ग्रंथांत तीन मुलांचें आणि एका बांसरीचें उदाहरण घेतलें आहे. एकास ती वाजवितां येते. दुसऱ्याजवळ खेळावयास दुसरें कांहींच नाहीं. तिसऱ्यानें ती खपून तयार केली आहे. तिघांचीही कारणें खरीं आहेत, आणि त्यांतील एकच कारण सर्वकाळ श्रेष्ठ असें म्हणतां येत नाहीं. म्हणून कारणें उघडपणें बोलून दाखविणें आणि त्यांचा विचार सर्वांसमक्ष होणें, ह्याला महत्त्व येतें. घरांतही तेंच आहे. धाकट्यास ताप येऊन गेला आहे म्हणून आज त्यास मोठी फोड, असें सांगितलें तर इतर मुलें ती गोष्ट बहुधा मान्य करतात. त्यांना असमानता सहन होते. जिचें कारण सांगितलें जात नाहीं ती असमानता सहन होत नाहीं.

आतां घरोघरींचें तें नेहमींचें उत्तर पाहूं. धाकटा रडूं लागला, कीं आई म्हणते, "ताई, तूं मोठी ना? मग दे त्याला तुझी." ताईचें वय असतें आठ वर्षें. ती क्षणभर फोडीकडे पाहते, क्षणभर आईकडे पाहते, आणि फोड पुढें करते. "किती शहाणी आहे माझी ताई!" असें म्हणून तिच्या केसांवरून हात फिरविला जातो. रडणें थांबतें आणि घर पुनः शांत होतें.

हें जें झालें त्यास आपण काय म्हणावें? कोणी म्हणतील, हा उदारतेचा पाठ झाला. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या एका मिनिटांत तीन मुलें तीन पाठ शिकलीं. धाकटा शिकला, कीं रडणें हा मालकीचा दाखला होय. बाजूला बसलेलें तिसरें मूल शिकलें, कीं न्याय आवाजाच्या उंचीवरून ठरतो. आणि ताई शिकली, कीं जें आपणांस हवें तें सोडून दिलें म्हणजे लोक प्रेम करतात, आणि तें मागितलें म्हणजे घराची शांति भंगते. शिवाय तिच्या मोठेपणाची गंमत अशी, कीं रात्रीं मोठ्यांबरोबर जागत बसण्याचा प्रश्न निघाला म्हणजे ती लहान असते. मोठेपण हक्काच्या वेळीं कोणास आठवत नाहीं. त्यागाच्या वेळीं तेवढें आठवतें. पुष्कळ घरांत ताईच्या जागीं दादा असतो आणि तोही असाच पिळला जातो, हें खरें आहे, आणि त्याच्यावरही हा अन्यायच होय. परंतु मोठ्या मुलाच्या त्यागाची भरपाई पुढें कोणत्या ना कोणत्या रूपानें होत असते. मुलीच्या त्यागास बहुतेक वेळां शाबासकीपलीकडे भरपाई नसते.

मग मुलांना उदारता शिकवूंच नये काय? अवश्य शिकवावी. परंतु दान म्हणजे काय हें आपल्या धर्मशास्त्रकारांनीं मोठ्या नेमकेपणानें सांगून ठेविलें आहे. एखाद्या वस्तूवरील स्वतःचें स्वत्व सोडून दुसऱ्याचें स्वत्व तिच्यावर उत्पन्न करणें, हें दान. म्हणजे दानाच्या आधीं स्वत्व असावें लागतें. जी वस्तु कधीं माझी झालीच नाहीं ती मीं दिली असें म्हणतां येत नाहीं. ताईच्या ताटांत फोड आली ती धाकट्याचें रडणें सुरू होईपर्यंतच तिची होती; रडणें सुरू होतांच ती तिची उरली नाहीं. तेव्हां दान केलें असेल तर तें आईनें केलें, आणि तेंही ताईच्या हातून. नाहीं म्हणण्याची मोकळीक जेथें नाहीं तेथें हो म्हणण्यास नैतिक मोल येत नाहीं. ताईचा वांटा तिच्या ताटांत पूर्ण पडावा. तिच्याकडे अपेक्षेनें कोणीं पाहूं नये. आणि मग तिनें आपण होऊन त्यांतील अर्धी फोड भावास दिली, तर ती उदारता. तिनें ती सगळी स्वतः खाल्ली, तर तें पाप नव्हे. ती आंबा खाणारी मुलगी आहे, इतकेंच.

येथवर आम्ही मुलांविषयीं बोललों. परंतु त्या ताटांपाशीं आणखी एक व्यक्ति उभी असते, आणि तिचें ताट मांडलेलेंच नसतें. एकाच पंक्तींत बसलेल्यांस वाढतांना आपपरभाव करणें ह्यास मराठींत पंक्तिप्रपंच असा शब्द आहे, आणि आपल्या जुन्या शिष्टाचारांत तो मोठा दोष मानिला गेला आहे. पाहुणा असो कीं घरचा असो, एकास तूप अधिक आणि दुसऱ्यास कमी वाढणें हें हलकेपणाचें लक्षण समजलें जाई. हा नियम सुंदर आहे. परंतु त्याची मर्यादाही लक्षांत घेतली पाहिजे. पंक्तीचा न्याय पंक्तीपुरता असतो. जी पंक्तींत बसलेलीच नाहीं, जी वाढीत आहे, तिला तो लागू होत नाहीं. सर्वांचीं पानें झाल्यावर पातेल्यांत जें राहील तें तिचें. म्हणून आंब्याच्या दिवसांत आई सर्वांस फोडी देते, आणि अखेरीस विळीशीं बसून कोयी चोखते, कोणीं विचारलेंच तर म्हणते, "मला आंबा फारसा आवडत नाहीं." मुलें हें खरें मानतात. पुष्कळ वर्षांनंतर, एखादे वेळीं तिच्यासमोर अख्खा आंबा ठेवला असतां ती तो कसा खाते हें पाहून, त्यांना तें खोटें होतें असें कळतें; कित्येकांना तेंही कळत नाहीं.

ह्या लहानशा असत्याची थोरवी पुष्कळांनीं गायिली आहे. तिच्या प्रेमाविषयीं आम्हांसही आदरच आहे. परंतु शिक्षण म्हणून त्याचा विचार केला तर काय दिसतें? मुलगा शिकतो, कीं जी वांटते तिला वांटा नसतो. मुलगी तेंच शिकते, आणि शिवाय हेंही शिकते, कीं मोठेपणीं आपली जागा तीच आहे. आम्ही वर कुंतीच्या वांटणीचा उल्लेख केला. तींत एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते: वनवासी, भिक्षेवर जगणाऱ्या त्या मातेनें वांटा करतांना स्वतःस वगळलें नव्हतें.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उपेक्षणीय नाहीं. घर म्हणजे कचेरी नव्हे. जेथें प्रेम आहे तेथें हिशेब कशाला? फोडी मोजूं लागलों, तर आपलेपणा कोठें राहिला? स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम ह्यानें १७५१ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत असाच विचार मांडला आहे. न्यायाची गरज कोठें उत्पन्न होते? जेथें वस्तु अपुऱ्या आणि मनें संकुचित, तेथें. जेथें जिव्हाळा पूर्ण आहे तेथें माझें-तुझें हा भेदच उरत नाहीं. आणि त्याचें जवळचें उदाहरण म्हणून तो कुटुंबाकडे, विशेषतः पतिपत्नींच्या नात्याकडे, बोट दाखवितो. विचार हृदयंगम आहे. परंतु ह्यूमच्या काळीं ब्रिटनमध्यें विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता बहुतांशीं पतीच्या ताब्यांत जात असे, आणि इंग्लंडांत तिला स्वतःच्या नांवानें मालमत्ता बाळगण्याचा पुरा हक्क १८८२ सालच्या कायद्यानें मिळाला. म्हणजे माझें-तुझें हा भेद मिटला होता तो सर्व "माझें" एकाच्याच हातीं गेल्यामुळें! ह्यावरून आम्ही असा बोध घेतों, कीं जेथें कोणीच मोजीत नाहीं असें सांगितलें जातें, तेथें सरतेशेवटीं वस्तु कोणाच्या हातीं राहते हें एकदां पाहून घ्यावें. प्रेमाला न्यायाहून अधिक देण्याचा अधिकार आहे. न्यायाहून कमी देण्याचा नाहीं.

आंब्याची फोड ती काय, तिच्यावर एवढें तत्त्वज्ञान कशाला, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं तीस-चाळीस वर्षें पुढें जाऊन त्याच ताईकडे पाहावें. वडील निवर्तले आहेत. दिवसवार उरकले आहेत. घरांत कागदपत्रांची बोलणीं सुरू झालीं आहेत. हिंदु कुटुंबांपुरतें बोलावयाचें तर तिच्या हक्कासाठीं ह्या देशांत पुष्कळ झगडावें लागलें. मुलीच्या वारसाहक्काची तरतूद असलेलें हिंदु कोड बिल रखडलें, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५१ सालीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्याचें एक प्रमुख कारण होतें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस पित्याच्या स्वतंत्र मिळकतींत मुलाच्या बरोबरीनें वांटा दिला. परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतींतील जन्मसिद्ध हक्क मुलाकडेच राहिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं तो हक्क मुलीसही दिला, मात्र त्यापूर्वींच विवाह झालेल्या मुलींस वगळून. २००५ सालीं संसदेनें केंद्रीय कायद्यांतच ही सुधारणा केली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट केलें, कीं हा हक्क मुलीस जन्मानेंच प्राप्त होतो, २००५ सालीं पिता हयात असलाच पाहिजे असें नाहीं. इतक्या वर्षांच्या वादानंतर कायद्यानें तिच्या ताटांत फोड ठेवली.

आणि मग कोणी तरी वडीलधारें माणूस तिला म्हणतें, "तुला काय कमी आहे? दे भावाला." हक्कसोडपत्र तयार असतें, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तिनें फक्त सही करावयाची असते. नाहीं म्हटलें तर माहेर तुटेल, ही भीति कोणी बोलून दाखवीत नाहीं, कारण ती बोलून दाखविण्याची गरजच नसते. ती सही करते. सर्वजण म्हणतात, "ताई पहिल्यापासूनच शहाणी." कागदावर लिहिलेलें असतें, कीं तिनें हें राजीखुशीनें केलें, आणि तेंही खोटें नसतें, कारण राजीखुशी म्हणजे काय हें तिला आठव्या वर्षींच शिकविलेलें असतें.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. भावानें वृद्ध आईबापांची सेवा केली, शेत सांभाळलें, कर्ज फेडलें; बहिणीनें तें ओळखून मोकळ्या मनानें आपला वांटा सोडला; असें पुष्कळ ठिकाणीं घडतें, आणि तें खरें औदार्य होय. प्रश्न सोडण्याचा नाहीं. सोडण्याआधीं तो वांटा तिच्यापुढें मांडला होता कीं नाहीं, एवढाच आहे. हिस्सा किती, त्याची किंमत काय, तो ठेवून घेतला तरी भाऊबीजेस तिचें पूर्वीसारखेंच स्वागत होईल कीं नाहीं, हें तिला सांगून मग जर तिनें सोडला, तर त्या भावानें तो मस्तकीं धरावा. तसें न करतां घेतलेली सही ही फळाच्या फोडीप्रमाणेंच तिच्याकडून काढून घेतलेली असते. ह्यांत नुकसान केवळ तिचेंच होतें असेंही नाहीं. ज्या भावास बहिणीचें प्रेम आणि बहिणीची जमीन ह्यांतील भेद कधीं कळूं दिला नाहीं, त्यास तिचें प्रेम निखळ स्वरूपांत कधीं लाभतच नाहीं.

पंक्तीच्या बाहेरचें आणखी एक मूल राहिलें. घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईची मुलगी सुट्टीच्या दिवसांत आईबरोबर येते, कारण तिची शाळाही बंद असते आणि घरीं तिला पाहावयास कोणी नसतें. आंबा कापला जातो त्या वेळीं ती ओट्याच्या कडेशीं किंवा मागील दारीं उभी असते. तिला कांहीं दिलें जात नाहीं असें नव्हे. सर्वांचें झाल्यावर एखादी डागाळलेली फोड तिच्या हातावर ठेवली जाते, आणि देणाऱ्यास समाधान वाटतें. वर उल्लेखिलेल्या २००८ सालच्या प्रयोगांत एक गोष्ट अशीही आढळली होती, कीं मुलांची समबुद्धि आपल्या गटांतील मुलांबाबत अधिक असते, परक्यांबाबत कमी. म्हणजे कोण आपला आणि कोण परका, ही रेषा त्याच वयांत ठसत असते. आणि ती कोठून जाते हें मुलें आपल्या उपदेशावरून शिकत नाहींत, फोडी कोणत्या क्रमानें वांटल्या गेल्या ह्यावरून शिकतात. एकाच पंक्तींत भेद न करणें सोपें आहे. पंक्ति कोठें संपते हें ठरविणें, हीच न्यायाची खरी परीक्षा होय.

मग करावें काय? फार मोठें कांहीं नाहीं. फळ कापण्यापूर्वीं खाणारीं माणसें मोजावीं, आणि त्या मोजणींत कापणारीनें स्वतःस धरावें. मागील दारीं उभी असलेली मुलगीही धरावी. वांटा सारखा करतां येईल तेथें सारखा करावा. करतां येत नसेल तर त्याचें कारण सर्वांसमक्ष सांगावें, आणि तें उद्यांही आठवून पाळावें. कोणास कोय हवी, कोणास फोड, हें विचारावें. आवडी भिन्न असल्यामुळें पुष्कळ भांडणें जन्मापूर्वींच मरतात. कापण्याचा अधिकार एकाकडे आणि उचलण्याचा दुसऱ्याकडे द्यावा. रडणाऱ्यास जवळ घ्यावें. परंतु दुसऱ्याच्या ताटांतून काढून त्याचें रडणें विकत घेऊं नये. आणि कोणत्याही मुलाची त्यागाबद्दल स्तुति करण्यापूर्वीं, त्यानें नाहीं म्हटलें असतें तर आपण त्याच्याकडे कसें पाहिलें असतें, ह्याचा एक क्षण विचार करावा.

ह्यानें दुपारची झोप थोडी कमी होईल, ह्यांत शंका नाहीं. परंतु आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच असतो, आणि मुलांचें तें वयही फार दिवस टिकत नाहीं. पुढें तीं मोठीं होतील. पंचायतींत, कचेरींत, न्यायासनावर बसतील, किंवा नुसतींच कोणाचे भाऊ आणि कोणाच्या बहिणी म्हणून नांदतील. त्या वेळीं त्यांच्या हातीं वांटावयास जमीन असेल, पाणी असेल, पैसा असेल, मान असेल. न्यायाचीं वचनें तोंपर्यंत त्यांनीं पुष्कळ पाठ केलेलीं असतील. परंतु हात वळेल तो लहानपणीं पाहिलेल्या विळीच्या रीतीनेंच. म्हणून ह्या वैशाखांत ताटें मांडतांना ती जी वाढते आहे तिचें ताट आधीं मांडावें, आणि तें भरलें आहे हें मुलांना दिसूं द्यावें.